शोमध्ये आवडलेला फुल-रेंज स्पीकर दादरच्या हॉलमध्ये कसा वाजेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका हॉटेलात भरलेल्या हाय-फाय शोमध्ये दोन जोड्या मनात भरल्या. पहिली ८ इंची एकाच ड्रायव्हरची (ड्रायव्हर म्हणजे हलून आवाज काढणारा पडदा आणि त्यामागचं चुंबक), मागच्या बाजूने भोंगा काढलेल्या उंच लाकडी डब्यातली. तिची संवेदनशीलता, म्हणजे एका वॉटवर एक मीटर अंतरावर मिळणारा आवाज, ९५ डेसिबल, आणि ती ३००बी नावाच्या व्हॉल्वच्या (जुन्या धर्तीच्या काचेच्या नळीच्या) ८ वॉटच्या अँप्लिफायरवर वाजत होती. दुसरी थ्री-वे टॉवर, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे सूर वेगवेगळ्या ड्रायव्हरांत वाटणारी उंच जोडी, दोन ८ इंची वूफरवाली (वूफर खालच्या सुरांचा), ८७ डेसिबल, रोध ४ ओहम, मोठ्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरवर. पहिलीवर गायक समोर येऊन बसला असं वाटलं. दुसरीवर सगळं होतं, पण जीव गुंतला नाही. घर दादरला, हॉल १० बाय १६ फूट, उंची साडेनऊ फूट, सोफा भिंतीला टेकलेला. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत, जुनी सिनेगीतं आणि कधीमधी पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा. तर घ्यावं काय?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'फुल-रेंज' म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, फुल-रेंज मागितला तर दुकानदार ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा ड्रायव्हर) नसलेला, सगळे सूर एकाच पडद्यातून काढणारा ड्रायव्हर पुढे करतो. शोमधल्या माणसाच्या तोंडी मात्र तो शब्द २०-२५ हर्ट्झपर्यंत खाली उतरणाऱ्या टॉवरसाठी येतो. पहिल्यात सगळे सूर एका जागेतून येतात, पण सगळे येतातच असं नाही. दुसऱ्यात सगळे येतात, पण तीन-चार जागांतून. तुमच्या दोन जोड्यांतला बराचसा फरक इथेच आहे. उरलेला फरक स्पीकरांचा नाहीच, खोल्यांचा, अँप्लिफायरचा आणि आवाजाच्या पातळीचा आहे. तो वजा केल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही.

हॉटेलची खोली घ्या. खाली जाड गालिचा, वर फॉल्स सीलिंग, दोन बाजूंना जिप्समच्या पार्टिशन, खिडकीला दुपदरी पडदे आणि आत पंधरा माणसं. गालिचा, पडदे आणि माणसं मिळून वरचे सूर पितात. जिप्समची पार्टिशन खालच्या सुरांबरोबर स्वतः थरथरते आणि त्यांची बरीच ताकद पलीकडे सोडते, म्हणूनच शेजारच्या खोलीतला ढोल तुम्हाला ऐकू येत असतो. तुमच्या हॉलमध्ये सगळं याच्या उलट आहे: विटांच्या भिंती, आरसीसी स्लॅब, व्हिट्रिफाइड लाद्या. खालचा सूर कुठेही निसटत नाही, खोलीतच घुमतो, आणि वरचा सूर लादीवर आपटून परत येतो. त्यामुळे शोमध्ये जो बेस 'जरा कमीच' वाटला तो घरी पुरेसा होतो, जो पुरेसा वाटला तो घरी गुरगुरतो, आणि तिथे गोड लागलेला वरचा सूर इथे टोचतो. मुंबईकरांनी शो ऐकताना एवढी वजाबाकी डोक्यात ठेवलीच पाहिजे.

दुसरी वजाबाकी पातळीची. एक डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर आपल्याला मोठा लागत नाही, 'जास्त मोकळा' लागतो. शोच्या खोल्यांत सर्रास ८५ डेसिबलच्या वर वाजवतात. घरी रात्री दहानंतर तुम्ही ६५-७० वर ऐकणार. कान असा आहे की आवाज उतरला की खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त वेगाने नाहीसे होतात. एकाच ड्रायव्हरच्या स्पीकरचा २ ते ५ हजार हर्ट्झचा भाग बहुधा चढा असतो. हलक्या आवाजात हा चढ फायद्याचा ठरतो, शब्द स्पष्ट येतात. मोठ्या आवाजात तोच कर्कश होतो. म्हणून दोन्ही खोल्यांत विनंती करून एकदा तरी बसल्या जागी ७०-७२ डेसिबलवर ऐका. फोनवरचं मापक ॲप मधल्या सुरांसाठी दोनेक डेसिबलच्या फरकाने चालून जातं. बेस मोजायला ते निरुपयोगी आहे, फोनच्या माइकवर खालचे सूर बहुधा कापलेले असतात.

ऐकायचं ते तुमचं संगीत, त्यांचं नाही. शोमधली ठरावीक ध्वनिमुद्रणं एक बाई, एक गिटार आणि एक टाळी एवढ्यावर भागतात, आणि एकाच ड्रायव्हरच्या स्पीकरला त्याहून सोपा पेपर नसतो. पेन ड्राइव्हवर ४०-५० सेकंदांचे सहा तुकडे न्या, फ्लॅक किंवा वेव्ह, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ. म्हणजे कुठल्याही खोलीत ते चालतात आणि कुणी नाही म्हणत नाही. सकाळी दार उघडल्यावर पहिल्या तासात जा. दुपारनंतर प्रत्येक तुकड्यावर कुणीतरी बोलत असतं.

पहिला तुकडा नुसत्या तंबोऱ्याचा, पुरुष गायकाचा, काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर षड्ज धरलेला. या सुरात गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर असते. काळी चारच्या गायिकेचा षड्ज २०८ आणि तिच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण ख्यालगायनाचा तळ साधारण इथेच लागतो. '२५ हर्ट्झपर्यंत जातो' या वाक्याचा तुमच्या नव्वद टक्के ऐकण्याशी संबंध नाही. ६० ते २०० हर्ट्झचा पट्टा सरळ आहे का, याच्याशी आहे.

तंबोऱ्यात दोन गोष्टी ऐकायच्या. खर्जाची तार छेडल्यावर कान वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे मूळ सुराबरोबर निघणाऱ्या वरच्या सुरांवरून, मूळ सूर स्वतःच भरून काढतो. त्यामुळे ६९ हर्ट्झ जेमतेम देणाऱ्या स्पीकरवरही खर्ज 'ऐकू' येतो. फरक त्याच्या वजनात पडतो: तार मांडीजवळ वाजते की हवेत तरंगते? दुसरी गोष्ट जवारी, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणारा झंकार. चांगल्या जवारीचा झंकार एका ओघात उलगडत वर चढतो. पडद्याच्या स्वतःच्या थरथरीमुळे एखाद्या ठिकाणी उंचवटा असेल, तर दर आवर्तनात तोच एक स्वरांश उठून 'झींऽ' करतो. चारही तारांवर तोच लागला तर तो तंबोऱ्याचा नाही, स्पीकरचा आहे, कारण तार बदलली की झंकाराची जागाही बदलायला हवी. आणि हो, हे ऐकताना छताचा पंखा बंद करवून घ्या. पात्यांवरून परत येणारा आवाज जवारीला आणि पेटीला एक थरथर देतो, तिचा दोष स्पीकरच्या माथी मारू नका.

दुसरा तुकडा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: मोठा तंबोरा, गायक आणि मोकळ्या हाताचा डग्गा. मनगटाने दाबत लांबवलेला 'घेऽ' ऐका. एकाच पडद्याकडून डग्गा, गळा आणि जवारी अशी तिन्ही कामं करून घेतली की डग्ग्यासाठी पडदा पुढे-मागे हलतो आणि त्याच हलत्या पडद्यावर बसून गळा गातो. समेवर डग्गा पडला की तंबोऱ्याची जवारी क्षणभर कुंथते किंवा हलते का, गायकाच्या आकाराला कंप सुटतो का, इकडे कान द्या. हलक्या आवाजात हे होत नाही. आवाज चढवत न्या, कुठल्यातरी पातळीवर होतंच. ती पातळी तुमच्या रोजच्या ऐकण्याच्या वर आहे की खाली, एवढाच प्रश्न.

याचं गणित सोपं आहे. ८ इंची पडद्याने ७० हर्ट्झचा सूर एक मीटरवर ९० डेसिबलने द्यायचा, तर भोंग्याची मदत नसताना त्याला मध्यापासून दोन्हीकडे एक मिलिमीटरहून थोडं जास्त हलावं लागतं. अशा उच्च संवेदनशीलतेच्या ड्रायव्हरची सरळ चालीची हद्दच बहुधा एक-दीड मिलिमीटर असते. भोंगा हवेला पकड देतो, म्हणून तेवढ्या हालचालीत तो जास्त आवाज काढतो. पण भोंगा ज्या सुरापर्यंत उतरतो त्याच्या खालचा सूर आला की पडद्याला धरणारं काही उरत नाही. सप्तक एक खाली, ३५ हर्ट्झवर, त्याच आवाजाला चौपट हालचाल लागते: साडेचार मिलिमीटर. ती त्याच्याकडे नाही. टॉवरच्या दोन वूफरांत तीच हालचाल वाटली जाऊन प्रत्येकी सव्वादोन उरते, आणि वूफर त्याच्या दुप्पट सहज हलतो. शिवाय त्याच्यावर गळ्याचं ओझं नाही. ऑर्केस्ट्रा हवा असेल तर टॉवरचा मुद्दा इथे बिनतोड आहे.

तिसरा तुकडा गर्दीचा असू द्या: ऑर्गन, सारंगी, तबला आणि वरून गायकाची तान, किंवा पितळी वाद्यांचा ताफा. एकट्या ड्रायव्हरचा 'समोर बसलाय' हा गुण इथे कसाला लागतो. वाद्यं वेगळी राहतात की एकमेकांत मिसळून घट्ट होतात?

चौथा, मोनो पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर एकत्र असलेली, दोन्ही स्पीकरांतून सारखीच येणारी 'शूऽ' अशी खरखर, २० सेकंद. विक्रेता नाक मुरडेल, मुरडू द्या. बसून ऐका, हळूहळू उभे राहा, मग एक मीटर डावीकडे सरका. उभं राहताना 'शूऽ' चा 'हॉऽ' झाला तर टॉवरचे ड्रायव्हर तेवढ्या अंतरावर जुळत नाहीत. बाजूला सरकल्यावर वरचा फेस गळून पडला तर तो मोठ्या पडद्याचा गुणधर्म: ८ इंची पडद्याचा प्रत्यक्ष वाजणारा व्यास साडेसोळा सेंटीमीटर, म्हणजे २००० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा अरुंद होत जातो. मधोमध चिकटवलेला छोटा कागदी पडदा, ज्याला विझर म्हणतात, तो थोडं सावरतो आणि थोडा स्वतःचा रंगही लावतो. तुम्ही एकटे ऐकणार असाल तर अरुंद झोत चालतो. सोफ्यावर तिघे बसणार असतील तर दोघांना आकाशवाणी ऐकू येईल.

पाचवा तुकडा पायरीपायरीने उतरणाऱ्या सुरांचा: १००, ८०, ६३, ५०, ४० हर्ट्झ. छोट्या किंवा दमलेल्या पडद्यावर ४० चा सूर खोल लागत नाही, 'बुर्र' असा वरचा लागतो, कारण मूळ सुराऐवजी ८० आणि १२० जास्त वाजत असतात. सहाव्यात ज्या गायिकेचा प्रत्यक्ष आवाज तुम्ही मैफलीत वारंवार ऐकला आहे, तिचं ध्वनिमुद्रण घ्या. 'स' आणि 'श' कुठे टोचतात ते त्यातच कळतं.

आता अँप्लिफायर, कारण तुम्ही स्पीकर ऐकले नाहीत, जोड्या ऐकल्या. 'समोर बसला' हा परिणाम कितपत ३००बीचा? एकेरी व्हॉल्वच्या अँप्लिफायरचा अंतर्गत रोध दोन-तीन ओहम असतो. स्पीकरचा रोध जिथे चढतो, म्हणजे खालच्या सुरांत पडद्याच्या अनुनादाजवळ आणि वरच्या सुरांत त्याच्या तारेच्या कॉइलमुळे, तिथे असा अँप्लिफायर आपसूक जास्त व्होल्टेज देतो. एकाच ड्रायव्हरच्या ८ ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे बेस आणि वरचा भाग दीड-दोन डेसिबलने फुलतो, मधला चढ तेवढा झाकला जातो. ही भट्टी जमते ती अशी. तोच अँप्लिफायर तुमच्या टॉवरवर लावला आणि टॉवरचा रोध ४ ते ३० ओहम फिरत असला, तर ४ डेसिबलपर्यंत वरखाली होईल, म्हणजे टॉवरच्या रचनाकाराने ठरवलेला तोल मोडेल. उलट साध्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरवर हा भोंग्याचा स्पीकर कोरडा आणि चिडका वाटू शकतो. त्यावर उपाय काही रुपयांचा आहे: लॅमिंग्टन रोडवरून २.२ ओहम, १० वॉटचे दोन वायरवाउंड रेझिस्टर घ्या आणि प्रत्येक स्पीकरच्या लाल वायरीत एकेक जोडा. व्हॉल्वची जादू म्हणतात तिचा बराच हिस्सा तिथेच सापडतो. हे करून पाहिल्याशिवाय ३००बीसाठी पैसे मोजू नका. तो अँप्लिफायर गाणं लागलेलं असो वा नसो सतत शंभर-दीडशे वॉटची उष्णता सोडतो, आणि मे महिन्यात १० बाय १६ च्या हॉलमध्ये ती जाणवते.

ताकदीबद्दल मात्र घाबरू नका. ९५ डेसिबलच्या जोडीला एका वॉटवर अडीच मीटरवर दोन्ही मिळून सुमारे ९३ डेसिबल मिळतात, ८ वॉटवर १०२. टॉवरच्या ८७ ला एक मेख आहे. हा आकडा २.८३ व्होल्टवर मोजतात, आणि ४ ओहमवर ते दोन वॉट होतात. एका वॉटचा हिशेब केला तर ८४. म्हणजे १०२ गाठायला टॉवरला सुमारे १०० वॉट हवेत, तेही ४ ओहमवर. ७५ डेसिबल सरासरी आणि ९५ चे उसळते क्षण धरले तर घरी भोंग्याला दीड-दोन वॉट आणि टॉवरला वीसेक पुरतात. दोन्ही जमण्यासारखं आहे.

आता तुमचा हॉल. फुटांचे मीटर करा: ३.०५, ४.८८ आणि २.९. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरून त्याला प्रत्येक मापाच्या दुपटीने भागा. खोली ज्या सुरांवर स्वतः घुमते ते मिळतात: लांबीचा घुमारा ३५ हर्ट्झवर, रुंदीचा ५६ वर, उंचीचा ५९ वर. दहा फूट रुंदी आणि साडेनऊ फूट उंची हे मुंबईच्या फ्लॅटचं जुनं दुखणं आहे: दोन घुमारे एकमेकांच्या अंगावर पडतात आणि ५८ च्या आसपास एक टेकडी उभी राहते. ४० पर्यंत सरळ जाणारा टॉवर या टेकडीला भरपूर खायला घालतो. ५० कडे येईतो झपाट्याने उतरायला लागलेला भोंगा कमी घालतो. शोमध्ये जी उणीव होती ती इथे थोडीशी सोय ठरते.

लांबीचा दुसरा घुमारा ७० वर येतो, म्हणजे नेमका काळी एकच्या खर्जावर. सोफा सोळा फुटांच्या टोकाच्या भिंतीला टेकलेला असेल तर डोकं या सुराच्या सर्वाधिक दाबात येतं आणि खर्ज सुजतो. भिंतीपासून चार फुटांवर तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. मधली जागा घ्या: डोक्याच्या मागे दोन ते अडीच फूट. घरात कुरकुर होईल, पण याच्याइतका फरक पाडणारी दुसरी फुकट गोष्ट नाही.

स्पीकरची जागाही अशीच मोजून ठरवा. ड्रायव्हरपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर ६० सेंटीमीटर असेल, तर भिंतीवरून परतणारा आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो. हा जवळपास काळी एकचा षड्ज आहे! आणि भोंग्याचा डबा ४५ सेंटीमीटर खोल, मागे १५ सेंटीमीटर जागा सोडली की अंतर बरोबर ६० होतं. डबा आणखी १५ सेंटीमीटर पुढे घ्या, खड्डा ११५ वर सरकतो. गायकाचा षड्ज अचानक 'बसतो', आणि लोक ते नव्या वायरीचं श्रेय समजतात.

मांडणी कुठल्या भिंतीला, यावर निवड बरीचशी अवलंबून आहे. बहुतेक घरांत टीव्ही लांब भिंतीला आणि सोफा समोर असतो. म्हणजे दहा फुटांतून स्पीकरची जागा आणि डोक्यामागची जागा वजा जाता ऐकण्याचं अंतर उरतं दोन मीटर. टॉवरचे ड्रायव्हर वरपासून खालपर्यंत ७०-८० सेंटीमीटरवर पसरलेले असतात, त्यांना एकजीव व्हायला अडीच-तीन मीटर लागतात. दोन मीटरवर गळा एका उंचीवरून आणि डग्गा दुसऱ्या उंचीवरून येतो. 'सगळं होतं, पण जीव गुंतला नाही' हे शोमध्ये पहिल्या रांगेत बसून ऐकल्यामुळेही झालं असेल. एकटा ड्रायव्हर दीड मीटरवरही एकजीव असतो. छोट्या दिवाणखान्यात त्याचं खरं बळ हेच. समाक्ष ड्रायव्हर, म्हणजे वूफरच्या पोटातच ट्वीटर, हा मधला मार्ग आहे: टॅनॉयचा ड्युअल कॉन्सेन्ट्रिक १९४७ पासून आहे, केईएफचा युनि-क्यू १९८८ पासून. शोमध्ये अशी जोडी होती का, पुन्हा जाणार असाल तर शोधा. अरुंद झोताचा त्रास तिला बराच कमी असतो.

आखूड भिंतीला मांडणी करता आली तर अंतर साडेतीन मीटरपर्यंत मिळतं आणि टॉवर मोकळा होतो. पण बाजूच्या भिंती दोन फुटांवर येतात. तिथे टॉवरच्या रुंद पसरणाऱ्या वरच्या सुरांना भिंतीवर काहीतरी शोषक लागेल. दोन फूट बाय चार फूट, चार इंच जाडीचे रॉकवूलचे तक्ते कापडात गुंडाळून लावा. सतरंजी लादीवर घालून फार होत नाही, ती फक्त अगदी वरचे सूर घेते. कापसाची जुनी गादी कोपऱ्यात उभी केली तर तक्त्यांचं काही काम ती करते, दिसायला मात्र गादीच दिसते. यातलं काहीही ५८ च्या टेकडीला शिवत नाही. तिच्यासाठी यूमिक-१ सारखा मोजमापाचा माइक आणि आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, टेकडी नेमकी कुठे आहे ते पाहा, आणि ठरावीक सूरच कमी-जास्त करणाऱ्या पॅरामेट्रिक इक्वलायझरने तेवढीच ५-६ डेसिबल छाटा. खड्डे भरायच्या भानगडीत पडू नका. अँप्लिफायर दमतो आणि खड्डा तसाच राहतो.

तुमची आवड आणि दोन मीटरचं अंतर धरलं तर मी भोंग्याच्या बाजूने कौल देईन, पण दोन अटींवर. एक, वर सांगितलेल्या दुसऱ्या तुकड्यात ७५-७८ डेसिबलपर्यंत जवारी हलली नाही तर. दोन, वरचा चढ तोंड फिरवून आवरला तर: अशा स्पीकरचं तोंड थेट कानावर धरू नका, १०-१५ अंश बाहेर ठेवा. एवढ्याने चढ उतरला नाही तर मग वायरीत कॉइल आणि कंडेन्सर टाकून गाळणी करावी लागते. ते मोजमापाशिवाय करणं म्हणजे अंदाजपंचे. बारीक डब्यातल्या, भोंगा नसलेल्या एका ड्रायव्हरसाठी मात्र एक गाळणी जवळजवळ नेहमी लागते. २५ सेंटीमीटर रुंद डब्यात सुमारे ४६० हर्ट्झखाली आवाज डब्याला वळसा घालून मागे जातो आणि समोर पातळ होतो. १.२ मिलीहेन्रीची कॉइल आणि ४.७ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडून तो जोड लाल वायरीत घातला की वरचा भाग ४ डेसिबलने खाली येतो आणि तोल सावरतो. ४ डेसिबल संवेदनशीलता जाते, हे धरून चाला.

ऑर्केस्ट्रासाठी पुढे कधीतरी १० इंची बंद डब्याचा सबवूफर, म्हणजे फक्त अगदी खालच्या सुरांचा स्पीकर, जोडता येतो. तो नुसता खाली जोडून देऊ नका, भोंग्याच्या डोक्यावरचा भारही उतरवा. पॉवर अँप्लिफायरच्या इनपुटला मालिकेत ०.०४७ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर घाला. इनपुटचा रोध ४७ किलोओहम असेल तर ७२ हर्ट्झखाली सूर उतरायला लागतात आणि ४० वर पडद्याची हालचाल निम्मी होते. इनपुट १०० किलोओहमचा असेल तर कंडेन्सर ०.०२२ घ्या. डग्ग्याच्या वेळी जवारी हलत होती ती बहुधा इथेच थांबते. सबवूफर ७० च्या आसपास कापा. सबवूफरवरची फेजची (पडद्याच्या हालचालीची दिशा पलटणारी) कळ उलटसुलट करून ज्या जागी डग्गा भरीव लागेल ती ठेवा. रात्री तो बंदच ठेवा: ३५-४० हर्ट्झ स्लॅबमधून थेट खालच्या मजल्यावर उतरतात.

शोच्या शेवटच्या दिवशी वाजवलेली जोडी सवलतीत देतात. घ्यायला हरकत नाही, पण अँप्लिफायर बंद करून दोन्ही अंगठ्यांनी पडदा कडेजवळ समान दाबत आत ढकलून बघा. खर्रऽ असा घासल्याचा आवाज आला तर कॉइल चुंबकाच्या फटीत टेकतेय. या जातीच्या ड्रायव्हरमध्ये ती फट फार बारीक असते. कडेची किनार फोमची असेल तर आपल्या हवेत ती वर्षांमागून वर्षं चिकट होत तुटते, रबराची किंवा कापडाची टिकते. डबा एमडीएफचा असेल तर खालची कड पाहा. लादी पुसताना पाणी तिथूनच चढतं आणि दोन पावसाळ्यांत कड पावासारखी फुगते. १८ मिलिमीटरचा बर्च प्लाय असेल तर उत्तम. काही असलं तरी खाली दोन सेंटीमीटरचे पाय लावा.

आणि विक्रेत्याने 'अजून तीनशे तास वाजायचाय' असं सांगितलं तर वाजलेली जोडी ऐकवा म्हणावं. पहिल्या दिवसांत किनार थोडी सैल होते हे खरं, पण तीनशे तासांत सैल होतो तो मुख्यतः आपला कान.

पैसे देण्याआधी दोन रात्री घरी जोडी मागा. बहुतेक चांगले विक्रेते अनामत ठेवून देतात. पहिल्या रात्री काही न मोजता नेहमीच्या आवाजात, पंखा बंद करून, तासभर गाणं ऐका. दुसऱ्या रात्री ७० चा सूर लावून सोफ्यापासून भिंतीपर्यंत डोकं पुढे-मागे करत फिरा आणि तो जिथे ना फुगतो ना गळतो तिथे लादीवर मास्किंग टेपची रेघ मारा. सोफा त्या रेघेपर्यंत सरकवायला घरचे तयार झाले, तर जोडी ठेवून घ्या.